शिट्टीवरचा रियाज

आमच्या घरात व्हायोलिनचा रियाज शिट्टीवर सुरू होतो. शिट्टी म्हणजे कुकरची नव्हे. फुटबॉलच्या पंचाच्या गळ्यात असते ती, पितळेची, काळ्या दोरीत ओवलेली. संध्याकाळी साडेसहाला ती खालच्या मजल्यावर वाजते आणि वर माझी नऊ वर्षांची मुलगी रेवा हातातलं अर्धं बिस्कीट ताटलीत टाकून व्हायोलिनची पेटी उघडायला पळते. मी तिची जन्मदाती. माझी हाक तिला तिसऱ्या खेपेला ऐकू येते, आणि तेव्हाही ती बसल्या जागेवरून "काय गं" एवढंच म्हणते. एकदा पुण्याहून माझा भाऊ आला होता. शिट्टी झाली तसा तो चहाचा कप घेऊन गॅलरीत धावला. त्याला वाटलं, खाली पोलिसाने त्याची गाडी धरली.

शिट्टी वाजवणाऱ्या गृहस्थांचं नाव बाबालालमामा. मंगळवार पेठेतलं हे दुमजली घर त्यांचंच. खाली ते राहतात, वर आम्ही भाड्याने. मामांनी आयुष्यभर गाद्यांचं दुकान चालवलं, पण धंदा काय म्हणून कुणी विचारलं तर "गोलकीपर" असं सांगतात. तरुणपणी ते पेठेच्या संघाचे गोलकीपर होते. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. इथे अमक्याचं लग्न कधी झालं असं विचारलं तर माणसं ते कुठल्या फायनलच्या आधी आणि कुठल्या फायनलच्या नंतर झालं ते सांगतात.

वय सत्तरीच्या पुढे. आजानुबाहू हा शब्द मी पोथीत वाचला होता, तसा माणूस मामांच्या रूपाने पहिल्यांदा पाहिला. खुर्चीत बसले तरी पाय फाकवून, दोन्ही तळवे उघडे ठेवून, समोरून काहीतरी जोरात येणार आहे अशा बेताने बसतात. वाटीभर आमटी द्यायला गेलं तर ती दोन्ही हातांनी घेऊन आधी छातीशी धरतात. अंगातला शर्ट मग कसाही होवो.

आमचं आणि त्यांचं खरं नातं जुळलं ते हमीदामामींमुळे, म्हणजे मामांच्या बायकोमुळे. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. माझा नवरा संदीप आजऱ्याला काजूच्या कारखान्यात सुपरवायझर. शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो. रेवा शाळेतून आली की थेट मामींच्या स्वयंपाकघरात शिरायची. तिची वेणी, तिचा अभ्यास, तिची पोटदुखी, सगळं मामींनी पाहिलं. मग मामी अचानक गेल्या. मुलगा आणि सून पुण्यात. मामांनी दुकान बंद केलं आणि जिना चढायचंही बंद केलं. अंगणात भेटले तर मान हलवायचे, इतकंच.

त्याच वर्षी रेवाने व्हायोलिनचा हट्ट धरला. शाळेच्या कार्यक्रमात कुणीतरी वाजवलं, ते हिच्या मनात बसलं. संदीप म्हणाला, "तबला शीक, निदान शेजाऱ्यांना कळतं तरी काय चाललंय." पण पोरगी ऐकेना. शेवटी राजारामपुरीतल्या मठपतीसरांकडे नाव घातलं. सर मूळचे गडहिंग्लजकडचे, इतक्या हळू आवाजात बोलणारे की त्यांच्यासमोर आपल्याला आपला श्वाससुद्धा जोरात वाटतो.

लहान मुलाचं पहिल्या महिन्यातलं व्हायोलिन ज्यांनी ऐकलेलं नाही, ते पुण्यवान. मी आई असूनही भाजीला फोडणी देण्याची वेळ नेमकी तिच्या रियाजाची ठेवत असे, म्हणजे तेवढंच चुरचुरीत काहीतरी मध्ये यायचं. रेवालाही ते समजत होतं. एका संध्याकाळी ती सतरंजीवर डोळ्यांत पाणी आणून गज ओढत बसली होती. गज म्हणजे व्हायोलिन ज्याने घासतात ती काठी. मी नुकतीच कामावरून आले होते. तेवढ्यात दारात बाबालालमामा. कितीतरी महिन्यांनी वर आले होते, आणि हातात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी.

"ताई, तुमचं दार लई वरडतंय," ते म्हणाले. "बिजागरीला तेल घालायला आलतो."

"मामा, ते दार नाही. मी वाजवतेय," रेवा म्हणाली, आणि तिने हुंदका दिला.

मामांनी दाराकडे पाहिलं. रेवाकडे पाहिलं. तेलाची कुपी खिशात घातली.

"मग चांगलं हाय की," ते म्हणाले. "दाराला एवढा दम कुठला आलाय. वाजीव, मी बसतो."

आणि ते भिंतीला टेकून, दोन्ही तळवे उघडे ठेवून बसले. महिन्याभरात त्या वाजवण्याला पहिल्यांदाच कुणी चांगलं म्हटलं होतं. रेवाने डोळे पुसले आणि चांगला अर्धा तास दार वाजवलं. त्या दिवशी मामा वर आले नसते तर ती पेटी दिवाळीच्या सफाईत माळ्यावर गेली असती, याबद्दल मला आजही शंका नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला शिट्टी झाली.

तेव्हापासून आमच्या घरातल्या रियाजाला नियम आले. पहिल्या हाफमध्ये पलटे, म्हणजे सारेगमची उलटसुलट घोकंपट्टी. मग हाफटाइम. हाफटाइमला मीठ लावलेली लिंबाची फोड. रमजानात स्वतःच्या तोंडात दिवसभर पाण्याचा थेंब नसतानाही मामा ही फोड न चुकता कापून आणत. फक्त त्या महिन्यात शिट्टी तासभर आधी वाजवत आणि सामना रोजा सोडायच्या आत संपवत. दुसऱ्या हाफमध्ये राग. टंगळमंगळ केली तर एक्स्ट्रा टाइम. रेवाला ते कॅप्टन म्हणतात. लांब मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेली, की तो लांब पास, बेसूर वाजलं की फाऊल, आणि तान छान उतरली की "काटाकिर्र".

एका लग्नपत्रिकेतून त्यांनी पिवळं कार्ड कापून घेतलं होतं. ते रेवासाठी असेल असं मला वाटलं. पहिल्यांदा ते मलाच मिळालं. ती वाजवत असताना मी स्वयंपाकघरातून विचारलं, "रेवा, डबा धुवायला टाकलास का?" मामा उठले, स्वयंपाकघराच्या दारात आले आणि काही न बोलता कार्ड माझ्यासमोर उंच धरलं. मी हातात झारा घेऊन उभी. स्वतःच्या स्वयंपाकघरात. संदीपची गत याहून वाईट झाली. एका रविवारी तो रियाजाच्या खोलीत फोनवर मोठ्याने काजूचे भाव सांगत बसला, तर त्याला लाल कार्ड मिळालं. उरलेला वेळ त्याने जिन्यात बसून काढला. मला मनातून फार बरं वाटलं.

संगीतातलं मामांना ओ की ठो कळत नाही आणि ते तसं सांगतातही. "मला सूर न्हाय कळत. मी कोपर बघतो. कोपर लुळं पडलं की समजायचं, पोरगी दमली." पण क्लासला न्यायचं-आणायचं काम त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलं. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी. मोठ्यांनी वर्गात बसायचं नाही हा सरांचा नियम. मामा बाहेर पायरीवर बसत आणि घरी येताना वाटेत रेवाकडून सगळं वदवून घेत. सर काय म्हणाले, बोट कुठं ठेवलं, का ठेवलं, मागल्या खेपेला कुठं होतं. पोरगी त्यांना समजावून सांगता सांगता घरी येईपर्यंत धडा पाठ करून मोकळी व्हायची. मी क्लासची फी भरत होते आणि शिकवणी फुकटात दोन होत होत्या, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

अशाच एका बुधवारी रेवाने त्यांना सांगितलं की गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात. मामा रस्त्यातच थांबले म्हणे. घरी आल्यावर गज हातात घेतला, केसांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा जीव कळवळला. "केवढं कोरडं पडल्यात हे. जनावराचं झालं तरी केसच न्हवं?" मी घरी नव्हते. मामांनी खोबरेल तेल कोमट केलं आणि गजाला मनापासून चोळलं. मी आले तेव्हा गज बाळंतिणीच्या बाळासारखा चकचकत होता आणि रेवा तो व्हायोलिनवर ओढत होती. आवाज शून्य. लोण्यावर सुरी फिरवावी तसा गज तारांवरून जात होता.

"आई, व्हायोलिन मुकं झालं," ती म्हणाली.

रविवारी मीही बरोबर गेले, आणि दारातच मठपतीसरांनी गज नाकाशी नेला. त्या वासाने त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख पसरलं ते मी विसरणार नाही. "कुणी केलं?" त्यांनी विचारलं, तेही हळूच. पायरीवरून मामा उभे राहिले, हात वर केला. "फाऊल माझा हाय सर." सरांनी त्यांना पहिल्यांदाच वर्गात बोलावलं आणि समजावलं, की केसांना तेल कधीच लावायचं नाही, राळ घासायची, केस खरखरीत झाले तरच तार धरतात आणि आवाज निघतो. मामांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे पकड पायजे," ते म्हणाले. "मग बॉल धरायच्या आधी आम्ही हाताला माती चोळतो, तसंच की हे." सरांनी मान हलवली. गजाचे केस बदलून आणावे लागले. तेव्हापासून राळेचा खडा मामांच्या ताब्यात असतो, आणि खोबरेल तेलाच्या बाटलीला व्हायोलिनच्या खोलीत मज्जाव आहे.

त्यांनी केलेली एक गोष्ट मात्र सरांनी सगळ्या वर्गाला दाखवली. आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात आणि वाद्याचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतात. रेवाच्या घोट्याला तिथे घट्टा पडला. मामांनी बंद दुकान उघडलं, शेवरीचा कापूस काढला आणि तळहाताएवढी गादी शिवली, घोट्याला बांधायला दोन नाड्या लावून. पेठेच्या संघाच्या रंगाची. "घोटा म्हंजे खेळाडूचं सगळं," असं म्हणाले. मग वर्गातल्या प्रत्येक मुलाला तशी एक मिळाली, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या दुकानाचं दार रोज उघडं दिसायला लागलं.

त्या वर्गात मुरगूडची एक मुलगी आहे, पूर्वा, रेवाच्याच वयाची. तिची आई सुरेखाताई दर रविवारी तिला एसटीने घेऊन येतात. पूर्वा रेवापेक्षा चांगली वाजवते. हे रेवाला माहीत आहे, तिला त्याचं काही वाटत नाही, दोघींची गट्टी आहे. मामांना मात्र वाटायचं. तिला ते "मुरगूडची सेंटर फॉरवर्ड" म्हणत आणि रेवाला बजावत, "तिच्यावर ध्यान ठेव." व्हायोलिनमध्ये ध्यान ठेवून काय करायचं असतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

यंदाच्या गुरुपौर्णिमेला वर्गाचा कार्यक्रम होता. मामा जुन्या संघातले चौघे म्हातारे घेऊन आले. पाचही जण संघाच्या रंगाचे मफलर घालून तिसऱ्या रांगेत बसले. जुलै महिन्यात मफलर. रेवाच्या आधी पूर्वाचं वादन होतं. तिने दुर्गा सुरू केला आणि हॉल शांत झाला. फार गोड वाजवत होती पोर. मग द्रुत गत आली आणि मध्येच ती विसरली. थांबली. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा त्याच जागी अडली. तबलेवाले तिला सावरायला ठेका देत राहिले. कुणी खोकतही नव्हतं.

आणि तिसऱ्या रांगेतून शिट्टी आली. पितळेची नव्हे. तोंडात दोन बोटं घालून मारलेली, स्टेडियमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी. समोरच्या संघाची पेनल्टी बारवरून गेली की पेठेचा माणूस जे करतो, तेच मामांनी केलं. बाकीच्या चौघांनी सवयीने टाळ्या पिटल्या. सगळा हॉल मागे वळला. मी मामांच्या शेजारी होते. बोटं अजून तोंडात होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता. काय झालं ते आमच्याआधी त्यांनाच कळलं होतं. पूर्वाने व्हायोलिन खाली ठेवलं आणि रडत आत पळाली.

नंतर रेवा आली. तिने मान वर न करता भूप वाजवला, एकही चूक न करता. तिसऱ्या रांगेत कुणी टाळी वाजवली नाही.

परतताना रिक्षात ती माझ्या पलीकडे बसली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "मामा, तुम्ही आता माझ्या क्लासला यायचं नाही. रियाजालाही नाही."

"बरं," मामा म्हणाले.

मी तिला दटावणार होते. पण मामांनी तळहात किंचित वर करून मला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजले आणि नुसतेच वाजले. रेवाने पेटी उघडली, थोडं वाजवलं, मिटली. पुढचे काही दिवस मी स्वतः तिच्याजवळ बसले. मला वाटलं, त्यात काय मोठं आहे, बसायचं तर आहे. पण मी तिला मिनिटामिनिटाला टोकत होते, मधूनच फोन बघत होते, आणि एकदा तर चक्क जांभई दिली. बुधवारी क्लाससाठी रजा टाकू लागले तशी लॅबमध्ये कुजबुज सुरू झाली. या माणसाने दोन वर्षं माझ्या घराचा केवढा भार उचलला होता, तो तेव्हा माझ्या खांद्यावर आला. आणि त्यांना कधी साधं "बसा, चहा घ्या" यापलीकडे मी काही म्हटलं नव्हतं. रेवाला मी पुन्हा पुन्हा समजावलं. ती म्हणाली, "पूर्वा माझ्याशी बोलत नाही, आई. ती येतच नाही."

ते खरं होतं. पूर्वा क्लासला येईना. तिने व्हायोलिन कपाटावर टाकलंय, हात लावत नाही, असं सरांना तिच्या आईने फोनवर सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी मी आमटी घेऊन खाली गेले. मामा दिवा न लावता बसले होते, टीव्हीवर कुठलासा सामना आवाज बंद करून चाललेला. मी त्यांना पूर्वाचं सांगितलं. सांगायला नको होतं की काय, असं सांगून झाल्यावर वाटलं. त्यांनी टीव्ही बंद केला.

"मुरगुडात कुठं ऱ्हात्यात ती माणसं?" त्यांनी विचारलं.

मी सरांकडून पत्ता घेऊन दिला. पुढे काय झालं ते मामांनी कुणालाच सांगितलं नाही. मला ते कळलं पुढच्या रविवारी, जेव्हा मी रेवाला घेऊन क्लासला गेले आणि पायरीवर सुरेखाताई बसलेल्या दिसल्या. आत पूर्वा व्हायोलिन जुळवत होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून सुरेखाताई हसायला लागल्या.

"अवो, तुमचं ते म्हातारं आलतं की आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "हातात नवा कोरा फुटबॉल. म्हणलं, पावणं, आत या, चा घ्या. आत येईनात. म्हणालं, मी तो शिट्टी मारलेला म्हातारा, पोरीची माफी मागायला आलोय. पोरगी तर आत जाऊन कडी लावून बसली. मग ह्यांनी काय करावं? पायातल्या चपला काढल्या, बोळात अंतर ठिवून मांडल्या, आन् मधी उभं ऱ्हायलं. म्हणालं, पोरीला सांगा, मी कीपर हाय. तिनं बॉल मारायचा. माझ्याकडनं सुटला की तिनं मला शिट्टी मारायची. अख्ख्या गल्लीनं मारायची."

"मग?" रेवाने विचारलं. ती आत जायची विसरून तिथेच उभी होती.

"मग काय. आधी गल्लीतली पोरं आली. गोल झाला की सगळी बोंबलायची. खिडकीतनं पूर्वा बघतीया. शेवटी आली भायेर. मारला बॉल, झाला गोल, पर हिला शिट्टी कुठं येतीया? तर ते म्हातारं पायरीवर बसलं आन् तोंडात बोटं कशी घालायची ते शिकवलं तिला. दिवस मावळस्तोवर आमच्या बोळानं त्यांची पार इज्जत काढली बघा. गुडघा फुटलेला. हळद लावू का म्हणलं, तर नगो म्हणालं. जाताना पूर्वा म्हणती, आजोबा, परत कवा येणार? म्हणालं, आता मी न्हाय, आता तू यायचं. सर वाट बघत्यात."

सुरेखाताई पदराने डोळे पुसत होत्या, हसून की कशाने ते त्यांनाच ठाऊक. कोल्हापुरातल्या मैदानावर आपल्याकडून सुटलेला प्रत्येक बॉल अजून मनाला लावून घेणारा हा माणूस मुरगूडच्या बोळात अनवाणी उभा राहून गोल खात होता, कुणाच्या तरी पोरीने आपल्याला हसावं म्हणून.

रेवा त्या दिवशी वाटभर माझ्या दोन पावलं पुढे चालली. घरी आल्यावर जिना न चढता ती थेट मामांच्या दारात गेली. मी तिच्या मागे. मामा खाटेवर बसून गुडघ्याला मलम लावत होते. तिला बघून त्यांनी धोतराचा सोगा घाईने गुडघ्यावर ओढला.

"मामा," रेवाने विचारलं, "मुरगूडला सगळे गोल तुम्ही मुद्दाम सोडलेत?"

मामांनी मलमाच्या ट्यूबचं झाकण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. हो म्हणाले असते तर आम्ही दोघींनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं.

"दोन-तीन सोडलं मुद्दाम," ते म्हणाले. "बाकीचं दिसलंच न्हाईत."

"दिसले नाहीत म्हणजे?"

"लांबनं येताना दिसत न्हाय आता. जवळ आल्यावर दिसतंय. तवर गेलेला असतोय." मग ते माझ्याकडे वळले. "ताई, मोतीबिंदू हाय म्हणालाय डॉक्टर. दोनी डोळ्यांत. तुमास्नी बोललो न्हाय. बोललो असतो तर पोरगी माझ्याबरोबर रस्त्यावर धाडली नसती तुम्ही."

खरंच धाडली नसती. क्षणभर मला त्यांचा फार राग आला. या वर्दळीत, माझी मुलगी, आणि हे असे डोळे. मी म्हणालेही, "मामा, ऑपरेशन का नाही केलं? एवढंसं तर असतं ते."

"पोरगा म्हणतोय, पुण्याला या, करू. महिनाभर ऱ्हावा." मामा खाली बघत म्हणाले. "एकदा गेल्यावर ती परत धाडत न्हाईत ओ. तिथं मी कुणासाठी लिंबू कापू?"

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी तिथेच खाटेच्या कडेला बसले आणि जे दोन वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं ते म्हणाले. की तुम्ही नसता तर माझी मुलगी काही शिकली नसती, आणि मला नोकरी सोडावी लागली असती. की ऑपरेशन इथे कोल्हापुरातच होईल, डॉक्टर मी बघेन, डोळ्यांत औषध मी घालेन. मामा ऐकत होते आणि तळहात उघडेच होते.

रेवा मात्र आमच्याकडे लक्ष न देता काहीतरी हिशेब करत होती.

"या बुधवारी सरांची सुट्टी आहे. रविवारी आपण जरा लवकर निघू," ती मामांना म्हणाली. "रस्ता मी बघणार. तुम्ही माझा हात सोडायचा नाही."

मामांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला शिट्टी झाली. ऑपरेशनची तारीख ठरली, पुण्याहून मुलगा येतोय. पण त्याआधीचा तो रविवार सांगायचा राहिला. दोघं निघाले. रेवाच्या पाठीवर पेटी, उजव्या हातात मामांची बोटं. मी थोडी मागून, त्यांना कळणार नाही अशा बेताने चालत होते. शेवटी आईच मी. मिरजकर तिकटीला गाड्यांची रांग लागली होती. मामांनी पाऊल पुढे टाकलं तसं रेवाने त्यांना मागे ओढलं.

"थांबा. ट्रक येतोय."

"दिसतोय की मला," मामा म्हणाले.

"मग कुठल्या रंगाचा आहे?"

मामांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाले, "तू सांग."

"निळा," रेवा म्हणाली. ट्रक जाईपर्यंत तिने त्यांची बोटं घट्ट धरून ठेवली. "गेला. चला आता."

आणि माझी मुलगी बाबालालमामांना घेऊन रस्ता ओलांडून गेली.